क्लिफहँगर : तीन सेंटिमीटरची कड आणि आठ बोटं

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेलं अडखळणं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका अडथळ्याबद्दल आहे. फक्त एकाच.

जपानमध्ये टीबीएस वाहिनीवर 'सासुके' नावाचा अडथळ्यांच्या शर्यतीचा कार्यक्रम आहे. 1997 साली सुरू झाला. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो 'निंजा वॉरियर' या नावानं पाहिला असेल. योकोहामाला मिदोरियामा नावाचा स्टुडिओ आहे, तिथे मोकळ्या मैदानात लोखंडी सांगाड्यांवर हे सगळं उभं करतात. बहुतेक स्पर्धांत 100 जण उतरतात. चार टप्पे असतात. पहिले दोन टप्पे घड्याळाशी शर्यत. तिसऱ्या टप्प्यात घड्याळ नाही, हवा तेवढा वेळ घ्या. आणि चौथा म्हणजे उंच मनोरा, जो ठरलेल्या सेकंदांत चढायचा.

आता कोणालाही वाटेल, की घड्याळ नसलेला टप्पा सोपा असणार. प्रत्यक्षात तिसऱ्या टप्प्यात माणसं अक्षरशः गळून पडतात. आणि त्या टप्प्यातला सगळ्यात प्रसिद्ध अडथळा म्हणजे क्लिफहँगर.

दिसायला अगदी साधा. एक उभी भिंत. भिंतीवर आडवी कड, साधारण तीन सेंटिमीटर रुंद. तुमच्या घरातल्या दाराच्या चौकटीवर वरच्या बाजूला जी पट्टी असते ना, तसलंच काहीतरी. त्या कडेला बोटांची टोकं अडकवून लोंबकळायचं आणि हातानं सरकत सरकत पलीकडे जायचं. पायाला आधार नाही. अंगठा लपेटायला जागा नाही. मध्ये कड संपते, पुढची कड वेगळ्या उंचीवर सुरू होते. नंतरच्या आवृत्त्यांत तर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झेपच घ्यावी लागते. सुटलात की खाली पाणी, आणि तुमची स्पर्धा तिथेच संपली.

हे बघताना घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "शेवटी दम कमी पडला." किंवा "हा घाबरला." किंवा, "अजून जरा जिद्द हवी होती." आजचा अख्खा भाग या वाक्यांबद्दल आहे. कारण क्लिफहँगरवर पडणाऱ्या माणसाची जिद्द बहुतेक वेळा शाबूत असते. पडतात ती बोटं. आणि बोटं कधी सुटणार, हे बऱ्याचदा त्या कडेला हात लावायच्या आधीच ठरलेलं असतं.

आधी हिशेब करू

समजा स्पर्धकाचं वजन 65 किलो. दोन्ही हात कडेवर आहेत, म्हणजे आठ बोटं. प्रत्येक बोटावर आठ किलोच्या आसपास. ठीक आहे, जमेल. पण पुढे सरकायचं तर एक हात उचलावा लागतो. त्या क्षणी सगळं वजन चार बोटांवर, म्हणजे प्रत्येक बोटावर सोळा किलोच्या वर. ऑफिसमध्ये पाण्याचे वीस लिटरचे जार येतात बघा, तसे भरलेले तीन जार एका हाताच्या चार बोटांच्या टोकांवर. आणि हे एकदा नाही, प्रत्येक सरकण्याला.

आता झेप. एका कडेवरून सुटून दुसरी कड पकडेपर्यंत शरीर खाली येतं. समजा 30 सेंटिमीटर खाली आलं. पकडल्यावर खांदे आणि कोपर थोडे 'देतात', आणि आणखी 30 सेंटिमीटरमध्ये शरीर थांबतं. अकरावीचं फिजिक्स आठवा : थांबवायला लागणारा सरासरी जोर वजनाच्या दुप्पट. आणि जर खांदे ताठ राहिले, शरीर 10 सेंटिमीटरमध्येच झटक्यात थांबलं, तर चौपट! म्हणजे 65 किलोचा माणूस बोटांसाठी तेवढ्यापुरता 260 किलोचा झाला.

म्हणून चांगले खेळाडू कड पकडताना बघा, ते कधीच 'धप्' करून थांबत नाहीत. झोक्याच्या टोकाला, शरीर वर जाणं थांबलंय आणि खाली येणं अजून सुरू झालेलं नाही, त्या क्षणी बोटं कडेवर पोचलेली असतात. आपल्याला ते नजाकतदार वाटतं. प्रत्यक्षात ते बोटांवरचा भार कमी करत असतात.

बोटांत स्नायू नसतात

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच गंमत वाटली. बोटं वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात. तिथून लांब दोऱ्या निघतात, म्हणजे टेंडन. त्या मनगटातून, तळहातातून बोटांच्या टोकांपर्यंत जातात. टायपिंग करताना दुसरा हात कोपराखाली ठेवून बघा, आत काहीतरी हलताना जाणवेल. 'मनगटाच्या जोरावर' असं आपण म्हणतो, ते शरीरशास्त्राच्या दृष्टीनं दोन-चार इंचांनी चुकतं, बाकी बरोबर आहे.

त्या दोऱ्या हाडाला चिकटून राहाव्यात म्हणून बोटांमध्ये छोटे छोटे पट्टे असतात. त्यांना पुली म्हणतात. मासे पकडायच्या काठीला जशा छोट्या रिंगा असतात आणि त्यांतून दोरा ओवलेला असतो, तशीच रचना. काठी वाकली तरी दोरा काठीला धरून राहतो. बोट वाकवून कडेवर दाबलं, की त्या पुलींवर ताण येतो. गिर्यारोहक ज्याला क्रिंप म्हणतात, म्हणजे बोटाचं मधलं पेर उंच आणि टोक कडेवर दाबलेलं, त्या पकडीत हा ताण बोटाच्या टोकावर असलेल्या भाराच्या कित्येक पट होतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

आता दमण्याचा भाग. धावताना पायाचे स्नायू आवळतात, सैल होतात, आवळतात, सैल होतात. सैल झाल्यावर रक्त आत येतं, ऑक्सिजन मिळतो, कचरा बाहेर जातो. लोंबकळताना स्नायू आवळलेलाच राहतो. आवळलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो. आपल्या कमाल ताकदीच्या साधारण निम्म्याच्या वर जोर लावला, की त्या स्नायूला जाणारं रक्त जवळजवळ थांबायला लागतं. म्हणजे तुम्ही काम तर करताय, पण पुरवठा बंद. मग हात भरून येतात, दगडासारखे कडक होतात, आणि एका क्षणी मेंदू 'धर' म्हणत असतो आणि बोटं उघडत असतात.

हे उघडणं इच्छेविरुद्ध असतं. स्लो मोशनमध्ये नीट बघा. चेहऱ्यावर हार मानल्याची छटा नसते. आश्चर्य असतं.

एरर दिसतो तिथे बग नसतो

माझ्या कामाच्या जगातली एक गोष्ट इथे फार चपखल बसते. प्रोग्रॅम क्रॅश होतो तेव्हा स्क्रीनवर ओळ क्रमांक येतो. नवीन माणूस त्याच ओळीकडे बघत बसतो. ती ओळ बहुतेकदा निर्दोष असते. मेमरी कुठेतरी आधीच गळत असते, थोडी थोडी, आणि संपते ती त्या ओळीवर.

क्लिफहँगर ही ती ओळ आहे. तिसऱ्या टप्प्यात क्लिफहँगरच्या आधी इतर अडथळे असतात, आणि तेही हातांचेच. अमेरिकेतल्या आवृत्तीचं उदाहरण घेऊ. अमेरिकन निंजा वॉरियरच्या 2015 च्या तिसऱ्या टप्प्यात क्लिफहँगरच्या आधी दाराच्या मुठींसारखे गोल गोळे पकडत जायचं होतं, त्यानंतर लटकणाऱ्या फळ्यांवरून. मुठी पकडताना तळहात आणि बोटं उघडी राहतात. फळी पकडताना अंगठा आणि बोटं समोरासमोर चिमटा घेतात. क्लिफहँगरवर फक्त टोकं. पकडी तीन वेगळ्या, पण बोटं वळवणारे स्नायू तेच, कोपराखालचे. तीन ॲप वेगवेगळी, बॅटरी एक.

म्हणून एखादा स्पर्धक मुठींवर दोन झोके जास्त घेतो ना, चुकलेला ताल पकडायला म्हणून, तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवतात, की वा, सावरला! खरं तर तिथे बिल फाटलेलं असतं. ते भरायला लागतं पाच मिनिटांनी, कडेवर.

आणि ही बॅटरी चार्ज होते का? थोडी होते. काही अडथळ्यांच्या मध्ये पाय टेकायला छोटी जागा असते. तिथे खेळाडू हात खाली सोडून झटकतात, खोल श्वास घेतात. आवळलेला स्नायू सुटला की रक्त धो धो आत येतं, काही सेकंदांतसुद्धा फरक पडतो. अनुभवी खेळाडू तर कडेवर असतानाच एक हात सोडून, पटकन झटकून, परत लावतात. पण त्यात मेख अशी, की एक हात विश्रांती घेतो तेव्हा दुसऱ्यावर दुप्पट भार येतो. म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात. फायदा तेव्हाच, जेव्हा तुमच्या बोटांची कमाल ताकद इतकी जास्त आहे, की एका हातावर लोंबकळणंही तुमच्यासाठी फार मोठं काम नाही.

इथे खरं गुपित आहे. आपल्याला वाटतं क्लिफहँगरला सहनशक्ती लागते. पण सहनशक्तीचा मोठा भाग कमाल ताकदीतूनच येतो. ज्याची कमाल 100 आहे त्याला 50 चा भार म्हणजे निम्मा, रक्तपुरवठा धोक्यात. ज्याची कमाल 150 आहे त्याला तोच 50 चा भार म्हणजे एक तृतीयांश, आणि त्याचा पुरवठा बऱ्यापैकी चालू. दोघंही सारखेच जिद्दी असले तरी एक पडणार आणि एक पलीकडे जाणार.

बनवणारेही शिकतात

आता दुसरी बाजू बघू. अडथळा बनवणाऱ्यांची.

सासुकेच्या पहिल्या 38 स्पर्धा धरा, म्हणजे 2020 च्या अखेरपर्यंत. दर वेळी 100 जण धरले तर साधारण 3800 प्रयत्न. त्यात शेवटचा मनोरा वेळेत सर झाला सहा वेळा. माणसं फक्त चार. 1999 मध्ये काझुहिको अकियामा, खेकडे पकडणारा मच्छीमार, ज्याची नजर अधू होती. 2006 मध्ये माकोतो नागानो, मासेमारी बोटीचा कप्तान. 2010 आणि 2011 मध्ये युजी उरुशिहारा, बुटांच्या दुकानातला विक्रेता. आणि 2015 आणि 2020 मध्ये युसुके मोरिमोतो. पहिल्या वेळी विद्यार्थी, दुसऱ्या वेळी सिस्टिम इंजिनिअर. (हो, हे नाव घेताना मी जरा ताठ बसलोय, आमच्या जातकुळीतला माणूस आहे.)

कोणी जिंकलं, की बनवणारे कोर्स बदलतात. क्लिफहँगरचा इतिहास म्हणजे जवळजवळ सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांची यादी आहे. सुरुवातीला एक सरळ कड. मग वेगवेगळ्या उंचीच्या कडा. नागानो जिंकल्यानंतर, 2007 मध्ये 'शिन', म्हणजे नवा क्लिफहँगर. उरुशिहाराच्या पहिल्या विजयानंतर, 2010 मध्येच 'अल्टिमेट'. त्याच्या दुसऱ्या विजयानंतर, 2012 मध्ये 'क्रेझी'. या क्रेझीमध्ये गंमत काय, तर पुढची कड तुमच्या पाठीमागे! म्हणजे कडेवरून सुटायचं, हवेत अर्धं वळायचं आणि समोर आलेली दुसरी कड पकडायची. पुढे 'अल्ट्रा क्रेझी' वगैरे आलंच. नावं ऐकून हसू येतं, पण आपल्याकडे नाही का, 'फायनल', 'फायनल 2', 'फायनल नवीन' अशी फाइलींची नावं असतात.

बदल कोणत्या दिशेनं झाले ते बघा. सुरुवातीला प्रश्न होता : बोटं किती वेळ धरून ठेवतील? खेळाडूंनी त्याचं उत्तर शोधलं. मग प्रश्न बदलला : सुटून परत पकडता येईल का? मग : न बघता सुटून, वळून, पकडता येईल का? म्हणजे ताकदीच्या परीक्षेवर झेपेचा अचूकपणा चढवला. आणि झेपेत तोच आधीचा हिशेब, दुप्पट आणि चौपट भाराचा.

खेळाडूंनीही उत्तर दिलं. हे लोक व्यावसायिक खेळाडू नव्हते, नोकऱ्या सांभाळून करत होते. मग त्यांनी काय केलं, तर अडथळ्यांच्या नकला घरी बांधल्या. अंगणात, परसात, लाकडाच्या फळ्या ठोकून. अमेरिकेतही डेव्हिड कॅम्पबेलनं कॅलिफोर्नियात आपल्या घरामागे अख्खा कोर्स उभा केला. त्यामागचं कारण साधं आहे. कडेवरची पकड ही फार विशिष्ट गोष्ट आहे. व्यायामशाळेत बारवर पन्नास पुल-अप्स मारणारा माणूस कडेवर दहा सेकंदांत सुटू शकतो, कारण बार गोल असतो, अंगठा लपेटता येतो, तळहात टेकतो. कडेवर यातलं काहीच नाही. आपल्याकडचा मल्लखांबपटू घ्या. तो दोरीवर अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात, मांडीत, काखेत, सगळीकडे पकड वाटून घेतो, अख्खं शरीर पकडतं. क्लिफहँगर मुद्दाम ते सगळं काढून घेतो आणि म्हणतो, फक्त बोटांची टोकं वापर.

मग गिर्यारोहक आले

या बाबतीत ज्यांची आयुष्यभर तयारी झालेली असते, ते म्हणजे कातळ चढणारे लोक. 2015 मध्ये अमेरिकन निंजा वॉरियरच्या सातव्या पर्वात पहिल्यांदाच कोणीतरी सगळे टप्पे पूर्ण केले. एक नाही, दोघांनी एकाच रात्री. एक जेफ ब्रिटन, पेशानं कॅमेरामन. दुसरा आयझॅक कॅल्डिएरो, कातळ चढणारा. शेवटचा टप्पा म्हणजे 75 फूट दोर, 30 सेकंदांत. ब्रिटन आधी चढला, 29.65 सेकंद. म्हणजे अमेरिकन आवृत्तीत हे करणारा जगातला पहिला माणूस. मग कॅल्डिएरो चढला, 26.14 सेकंद. दहा लाख डॉलर कॅल्डिएरोला. ब्रिटनला शून्य.

साडेतीन सेकंदांचा फरक! लोक दोराचीच चर्चा करतात. पण दोराला हात लावेपर्यंत दोघांचे हात तिसऱ्या टप्प्यातून आलेले होते, ज्यात क्लिफहँगर होता. कोणी किती शिल्लक ठेवून बाहेर पडला, हेही त्या सेकंदांत असणारच.

खडू आठवला म्हणून सांगतो. हाताला लावतात ती पांढरी पावडर, मॅग्नेशियम कार्बोनेट, ती जिम्नॅस्टिक्समधून आली. 1950 च्या दशकात जॉन गिल नावाच्या अमेरिकन गिर्यारोहकानं ती कातळावर आणली. घाम शोषून घेणं हे तिचं काम. तळहात अगदी कोरडा ठणठणीत असेल तरी पकड नीट बसत नाही, किंचित ओल मदत करते. पण घामाचा थर आला की घसरगुंडी. तीन सेंटिमीटरच्या कडेवर घसरायला जागाच कुठे असते?

आणखी एक. वजन आणि ताकद यांचं गुणोत्तर महत्त्वाचं असल्यामुळे हा अडथळा दिसतो तितका 'पैलवानांचा' नाही. 2014 मध्ये पाच फूट उंचीची केसी कॅटान्झारो ही अमेरिकन आवृत्तीत शहर-अंतिम फेरीचा कोर्स पूर्ण करणारी पहिली महिला ठरली. 2017 मध्ये स्टंट करणारी जेसी ग्राफ ही सासुकेचा दुसरा टप्पा पार करणारी पहिली महिला. कमी उंचीमुळे झेपा लांब पडतात, हे खरं. पण लोंबकळताना बोटांना दंडाची घेरी कळत नाही, किलो कळतात.

मग जिद्दीचं काय?

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी जिद्दीच्या विरोधात नाही. जिद्द लागतेच. पण कुठे लागते? माझ्या मते ती कडेवर लटकलेल्या तीस सेकंदांत फारशी कामाची नसते. ती लागते आधीच्या तीन वर्षांत. मासे उतरवून घरी आल्यावर, दुकानाचं शटर ओढल्यावर, लॅपटॉप बंद केल्यावर परसातल्या फळीखाली जाऊन उभं राहण्यात.

टीव्हीला मात्र ती तीस सेकंदं दाखवायची असतात. निवेदक ओरडत असतो, घरचे खाली उभे राहून ओरडत असतात, 'धरून ठेव, धरून ठेव'. आणि पाहणाऱ्याच्या मनात नकळत एक समीकरण बसतं : जो पडला त्यानं सोडलं. हे समीकरण चुकीचं आहे, आणि ते निरुपद्रवीही नाही. कारण ते डोक्यात घेऊन पोरं दाराच्या चौकटीला लटकतात.

इथे त्या पुलींचा मुद्दा परत येतो. स्नायू काही आठवड्यांत बळकट व्हायला लागतो. टेंडन आणि पुली यांना कित्येक महिने, वर्षं लागतात, कारण त्यांना रक्तपुरवठा कमी. म्हणजे नवशिक्याच्या बाबतीत अशी एक वेळ येते, की इंजिन मोठं झालंय आणि चेसिस जुनीच आहे. मनात जिद्द आहे, स्नायूत जोर आहे, आणि पुली म्हणते, मला झेपत नाही. मग 'टक्' असा आवाज येतो, कधी कधी शेजारच्यालाही ऐकू येतो, बोटाच्या मुळाशी दुखतं, सुजतं. ती पुली फाटलेली असू शकते. तिथे 'सहन कर' हा सल्ला घातक आहे. थांबायचं आणि हाडांच्या डॉक्टरकडे जायचं.

आणि वाढीच्या वयातली मुलं. 2018 पासून अमेरिकेत लहान मुलांचीही आवृत्ती सुरू झाली, आपल्याकडची मुलंही हे व्हिडिओ बघतात. बारा ते सोळा या वयात बोटांच्या हाडांची वाढीची जागा अजून पक्की झालेली नसते. तिथे पुलीच्या आधी हाडच दगा देऊ शकतं. क्रिंप पकडीत जोर लावून चढणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये अशी फ्रॅक्चर दिसतात. म्हणून मुलांना झाडावर चढू द्या, दोरावर लोंबकळू द्या, बारवर झोके घेऊ द्या, पण बारीक कडेवर पूर्ण वजन टाकून झेपा, हे नको.

मोठ्यांसाठी, ज्यांना हे ऐकून हात शिवशिवत असतील त्यांच्यासाठी, थोडक्यात. आधी हात गरम करा. सुरुवात जाड, गोल बारपासून. कडेवर यायचं तर पाय स्टुलावर किंवा जमिनीवर टेकलेले ठेवा, म्हणजे वजन हवं तेवढंच बोटांवर येईल. दहा सेकंद लटकणं, मग दोन-तीन मिनिटं विश्रांती, अशा थोड्याच फेऱ्या. आठवड्यात दोनदा पुरे. आणि चौकट भिंतीत नीट बसलेली आहे ना, ते बघा. भाड्याचं घर असेल तर डिपॉझिटही आठवा.

जाता जाता

एक बातमी, जिचा मुंबईशी संबंध आहे. मॉडर्न पेंटॅथलॉन या ऑलिंपिक खेळात घोडेस्वारी असायची. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यावरून मोठा वाद झाला, आणि आता घोड्याच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली आहे. ती तयार करताना आंतरराष्ट्रीय संघटनेनं सासुकेवाल्या टीबीएसचीच मदत घेतली. आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ ठेवायचा, यावर शिक्कामोर्तब झालं ते ऑक्टोबर 2023 मध्ये, मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. त्याच अधिवेशनात क्रिकेटला प्रवेश मिळाला, त्यामुळे आपल्या पेपरात दुसरं काही छापून यायला जागाच उरली नाही!

फरक एवढाच, की पेंटॅथलॉनची शर्यत मिनिटभराच्या आत संपते. तिथे वेग जिंकतो. हळूहळू रिकामी होणारी बॅटरी, ती कडेवर संपणं, हा प्रकार क्लिफहँगरचाच.

तर पुढच्या वेळी कोणी त्या कडेवरून सुटून पाण्यात पडताना दिसलं, तर दोन मिनिटं मागे जाऊन बघा. आधीच्या अडथळ्यावर त्यानं किती झोके घेतले? हात झटकायला किती वेळ घेतला? झेप घेतल्यावर खांदे सैल होते की ताठ? बहुतेक वेळा पडण्याची जागा तिथे सापडेल. आणि मग "जिद्द कमी पडली" असं तुमच्या तोंडून येणार नाही.

तुम्हाला सापडलं तर मला जरूर कळवा, कुठल्या वर्षाचा, कुठला खेळाडू आणि कितव्या सेकंदाला, तेही लिहा. आपण एखाद्या भागात दोन-तीन प्रयत्न असे मागून पुढे बघू. तोपर्यंत बोटं सांभाळा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.